'फोर जीबी ग्राफिक कार्ड' म्हणून आमच्या गळ्यात काय मारलं ते वाचा

सांगली, मिरज, तासगाव, विटा, जत, इकडं ज्या कुणाच्या घरात पोरगं बारावी झाल्यावर गेमिंग पीसीसाठी मागं लागलंय आणि बजेट चाळीस हजाराच्या आसपास आहे, त्यांनी पैसे द्यायच्या आधी हे वाचा. दुकानाचं नाव लिहीत नाही, एक तर प्रकरण अजून मिटलेलं नाही आणि दुसरं म्हणजे हा काय एका दुकानाचा उद्योग नाही, अशीच कोटेशनं मी नंतर अजून बऱ्याच ठिकाणची बघितली, शब्दाला शब्द सारखी. एका दुकानाचं नाव वाचून तुम्ही शेजारच्या दुकानात जाल आणि तिथं हेच होईल.

तर आमच्या बारक्याला, म्हणजे धाकट्या भावाला, पहिला कॉम्प्युटर घ्यायचा होता. आमचं गाव तासगावच्या बाजूला, बेदाण्याचे पैसे हातात आले तेव्हा आप्पांनी चाळीस हजार काढून दिले, "एवढ्यात काय ते बसव, वर रुपया मागायचा नाही". त्याचं मागणं पण काय फार मोठं नव्हतं, व्हॅलोरंट चाललं पाहिजे, जीटीए फाइव्ह चाललं पाहिजे, आणि जमलंच तर थोडंफार व्हिडिओ एडिटिंग. इन्स्टावर एक रील बघून त्यानं सांगलीतलं दुकान हुडकलं, काचेचं कॅबिनेट, आत रंगीत पंखे गरगर फिरतायत, खाली मोठ्या अक्षरात किंमत. व्हॉट्सअ‍ॅपवर विचारल्यावर तिकडनं एका ओळीत उत्तर आलं, ते जसंच्या तसं देतो:

"आय फाइव्ह प्रोसेसर, १६ जीबी रॅम, ५१२ एसएसडी, १०५० टीआय फोर जीबी ग्राफिक, आरजीबी गेमिंग कॅबिनेट, विंडोज ११, मॉनिटर कीबोर्ड माऊस सकट फक्त ३८,५००."

ही ओळ परत एकदा वाचा. यात एकाच वस्तूचं जवळजवळ पूर्ण नाव दिलंय, ते म्हणजे ग्राफिक कार्डाचं (स्क्रीनवर गेमचं चित्र उमटवणारा भाग, '१०५० टीआय' हे एनव्हीडिया कंपनीचं त्यातलं एक मॉडेल), आणि नेमकं तेच खोटं होतं. बाकी सगळं खरं होतं पण अर्धं होतं. माझं म्हणणं असं की खोट्यापेक्षा या अर्ध्या खऱ्यानं जास्त वाट लावली, कारण खोटं पकडलं की निदान भांडता तरी येतं.

मी कुपवाडला एमआयडीसीत एका कंपनीच्या स्टोअरला कामाला आहे. आमच्याकडं ६२०४ आणि ६३०४ अशी दोन बेअरिंग येतात, दोन्ही बेअरिंगच, भोक पण दोन्हीचं २० मिमी, नुसतं "वीसचं बेअरिंग द्या" म्हणून कुणी आलं तर आम्ही त्याला परत पाठवतो, नंबर आण म्हणतो, कारण बाहेरच्या मापात फरक आहे आणि चुकीचं दिलं तर हाऊसिंगमधे बसणारच नाही. "आय फाइव्ह" म्हणजे नुसतं "वीसचं बेअरिंग" झालं. आय फाइव्ह हे इंटेल कंपनीच्या प्रोसेसरच्या एका मालिकेचं नाव, पहिला २००९ साली आला आणि पुढं दर वर्ष-दोन वर्षाला नवी पिढी निघत गेली. पुढचा नंबर सांगितला तरच कळतं. आय फाइव्ह ३४७० असेल तर तिसरी पिढी, २०१२ सालची. आय फाइव्ह १२४०० असेल तर बारावी, २०२२ ची. दोन्हीला आय फाइव्ह म्हणलं तर कुणाला खोटं बोलला म्हणता येत नाही, पण मधे दहा वर्षं आहेत.

खरेदीच्या दिवशी माझी सेकंड शिफ्ट होती म्हणून आप्पा आणि बारक्या दोघंच गेले. बारक्यानं विचारलं होतं बरं का, "दादा प्रोसेसर कुठल्या जनरेशनचा?" त्यावर उत्तर, "अरे लेटेस्ट व्हर्जन टाकून दिलंय, विंडोज इलेव्हन पळतंय बघ की." आणि आप्पांना खुर्ची, चहा, "मालक, पोराला काय कमी पडू देणार नाही". मग जीटीए फाइव्ह लावून दाखवली, गाडी पळाली, पोरगं खूश, आप्पा पण खूश. जीटीए फाइव्ह पीसीवर २०१५ साली आलीय आणि तिला कमीत कमी जे कार्ड लागतं ते ९८०० जीटी, म्हणजे २००८ सालचं. सेटिंग खाली करून ठेवलं की ती कशावर पण पळते. दुकानात ही गेम चालवून दाखवणं म्हणजे काहीच दाखवलं नाही, हे आता तुम्हाला माहीत असू द्या. निम्मे पैसे यूपीआयनं, निम्मे रोख.

घरी आणल्यावर पहिला दणका व्हॅलोरंटनं दिला. गेम उतरवली, चालू केली, तर व्हॅन ९००१ असा एरर. आम्हाला वाटलं नेटचं काहीतरी असेल. तर तसं नाही. विंडोज ११ वर व्हॅलोरंट खेळायला टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट, म्हणजे मशीनमधल्या सुरक्षेच्या दोन सोयी, चालू लागतात, त्याशिवाय त्यांचं अँटीचीट, म्हणजे लबाडी करून खेळणारे पकडणारं सॉफ्टवेअर, गेम उघडूच देत नाही. आणि मुळात मायक्रोसॉफ्टच्या नियमानं विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. आमच्या सेटमधला आय फाइव्ह तर तिसऱ्या पिढीचा निघाला, मग त्याच्यावर ११ आलं कुठनं? तपासणी वगळून टाकायची पद्धत आहे, पेन ड्राइव्ह बनवतानाच टिक करायची असते, दोन मिनिटाचं काम. ग्राहकाला खाली मधोमध नवा स्टार्ट मेनू दिसला की मशीन नवं वाटतं, एवढ्यासाठीच हा खटाटोप. त्यामुळं विंडोज ११ चालतंय म्हणजे मशीन नवं आहे, हा पुरावा धरायचा नाही, अजिबात नाही.

दुसरं म्हणजे खेळता खेळता मशीन आपोआप रिस्टार्ट व्हायचं. दुकानदाराला फोन केला तर म्हणे "तुमच्या गावाकडं व्होल्टेजचा प्रॉब्लेम असणार, स्टॅबिलायझर लावा". म्हणजे आता महावितरणवर ढकललं. मग बारक्यानं यूट्यूबवर बघून ग्राफिक कार्डचा नवा ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) टाकला, आणि स्क्रीन काळी झाली ती झालीच.

मिरजेचा एक मित्र आहे, लॅपटॉप रिपेरिंग करतो, त्याला बोलावलं. त्यानं मॉनिटरची वायर कार्डातनं काढून मदरबोर्डाला (सगळे भाग ज्याच्यावर बसतात त्या पाटीला) लावली, सेफ मोडमधे जाऊन ड्रायव्हर काढला, आणि मग जीपीयू-झेड नावाचं छोटं फुकटचं सॉफ्टवेअर चालवलं. त्यात कार्डाच्या नावाच्या आधीच चौकटी कंसात 'फेक' असं लिहून आलं, आणि कंपनीच्या लोगोच्या जागी धोक्याचा त्रिकोण. हे सॉफ्टवेअर २०१८ पासून अशी बनावट कार्डं ओळखतंय, म्हणजे हा धंदा किती जुना आहे बघा.

मग तो म्हणला बाहेरनं बघ आधी. कार्डाच्या मागच्या पट्टीवर एचडीएमआय होता, डीव्हीआय होता आणि निळा व्हीजीए पोर्ट होता. १०५० टीआय ज्या पिढीची आहे त्या चिपमधनं जुन्या पद्धतीचा अ‍ॅनालॉग सिग्नल निघतच नाही, तर निळा पोर्ट कशाला असेल? चार स्क्रू काढून पंख्यासकट हीटसिंक उचलला, वाळून कडक झालेली पेस्ट कापसानं पुसली, तर चिपवर लेसरनं कोरलेलं, जीएफ ११६. त्याच्या खालच्या ओळीत तारखेचा कोड, सुरुवात ११ नं, म्हणजे २०११ साल. ही जीटीएक्स ५५० टीआय ची चिप. खरी १०५० टीआय २०१६ च्या ऑक्टोबरमधे आली, तिच्यात ७६८ कुडा कोअर, म्हणजे चित्राचं गणित करणारे छोटे भाग, असतात. आमच्यातल्या चिपमधे १९२. चौथाई. कार्डाचं बायोस, म्हणजे त्याच्या आत बसवलेलं छोटं सॉफ्टवेअर, बदलून त्यात नाव आणि मेमरी खोटी लिहायची, म्हणजे विंडोजला विचारलं की विंडोज पण तेच खोटं नाव सांगतं, त्याला बिचाऱ्याला काय माहीत. आणि एनव्हीडियानं या जुन्या पिढीचे गेमचे ड्रायव्हर २०१८ लाच बंद केलेत, म्हणून नवा ड्रायव्हर टाकल्या टाकल्या सगळं बसलं. दुकानात जुना, फिरवलेला ड्रायव्हर टाकून देतात आणि वर सांगतात "अपडेट करू नका, वॉरंटी जाईल". आम्हाला पण सांगितलं होतं तसं. कुणी दुकानदार ड्रायव्हर अपडेट करू नका म्हणला की तिथनंच उठायचं.

रिस्टार्टचं कारण एसएमपीएसच्या, म्हणजे मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्याच्या, स्टिकरवर होतं. वर ठळक ४५० वॅट. खाली बारीक टेबल असतं ते कुणी वाचत नाही, त्यात १२ व्होल्टच्या खाली १४ अँपिअर. बारा गुणिले चौदा, १६८ वॅट. प्रोसेसर आणि ग्राफिक कार्ड दोन्ही मुख्यतः या १२ व्होल्टवरच चालतात. आमचा प्रोसेसर ७७ वॅटचा, ते ५५० टीआय ११६ वॅटचं, बेरीज १९३. बोर्ड, पंखे, डिस्क अजून धरलेलेच नाहीत. गावाकडच्या व्होल्टेजला उगाच बदनाम केलं. चांगल्या ४५० वॅटच्या एसएमपीएसवर १२ व्होल्टला ३५ अँपिअरच्या आसपास लिहिलेलं असतं आणि ८० प्लसचा (वीज कमी वाया जाते याचा) शिक्का असतो. माझ्या मते चाळीस हजारात कुठं पण काटकसर करा, पण इथं करू नका, कारण हा जळताना एकटा जळत नाही, बरोबर बोर्ड घेऊन जातो.

बाकी मालाचं पण सांगून टाकतो. रॅम १६ जीबी बरोबर होती, पण डीडीआर थ्री, म्हणजे जुन्या पिढीची, नव्या पिढीच्या बोर्डात बसत नाही. मदरबोर्ड खरंच नवा, डब्यातला, वर्षाची वॉरंटी, पण चिपसेट (बोर्डावर कुठला प्रोसेसर चालेल ते ठरवणारी चिप) एच ६१, २०११ सालचा. स्वस्तातले काही जण अजून असे नवे बोर्ड काढतात, जुन्या ऑफिसच्या कॉम्प्युटरमधनं निघालेले प्रोसेसर त्याच्यावर चढवायला. याच्यावर तिसऱ्या पिढीच्या पुढचं काही चढत नाही, म्हणजे "नंतर अपग्रेड करू" हा विषयच संपला. एसएसडी, म्हणजे फाइली साठवायची डिस्क, मात्र अस्सल होती, मॉनिटर पण ठीक.

दुकानात परत गेलो तेव्हा मी होतो बरोबर. आधी गोड, "दादा बसा, बघू काय झालंय". चिपचा फोटो दाखवला तर सूर बदलला. "आम्ही काय कार्ड बनवतो का वो? दिल्लीवरनं जसं येतं तसं देतो." बरं मग दिल्लीवाल्याचं बिल दाखव, तर ते नाही. "इथं गेम चालवून दाखवली का नाही? तेव्हा चालू होतं का नव्हतं?" आणि शेवटी हुकमी पत्ता, "आमचं बिल दाखवा, त्याच्यावर १०५० टीआय लिहिलंय का?"

बिल बघितलं तर ते बिल नव्हतंच. वर 'एस्टिमेट', खाली 'असेम्बल्ड गेमिंग कॉम्प्युटर सेट, १ नग', आणि सही. जीएसटी नंबर नाही, मॉडेल नाही, सिरीयल नंबर नाही. आप्पांना सांगितलं होतं की पक्कं बिल पाहिजे तर अठरा टक्के वर पडतील. शेतकरी माणसाला अडतीस हजारावर जवळजवळ सात हजार वर म्हणल्यावर कोण हो म्हणेल? आणि ती किंमत टॅक्स धरूनच ठरलेली असायला पाहिजे होती. पक्कं बिल देणं हे दुकानदाराचं कामच आहे, ते काय उपकार करत नाहीत. जीएसटी नंबर १५ अक्षरी असतो, महाराष्ट्रातल्याचा २७ नं सुरू होतो, आणि जीएसटीच्या सरकारी साइटवर लॉगिन न करता तो टाकून बघता येतो की खरंच त्याच नावाचं दुकान आहे का आणि नोंदणी चालू आहे का.

आम्हाला वाचवलं ते त्या व्हॉट्सअ‍ॅपच्या ओळीनं. तिच्यात १०५० टीआय स्पष्ट लिहिलं होतं, खाली बारक्याचं "ओके दादा येतो", आणि नंतर निम्म्या पैशाची यूपीआयची नोंद. हे सगळं जोडून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ नंबरवर, तक्रार टाकली. मराठीत बोलता येतं. त्यानंतर दुकानाचा स्वतःहून फोन आला आणि कार्डाचे म्हणून सात हजार परत केले. बाकीच्या मालाबद्दल मात्र त्याचं एकच, "आय फाइव्ह सांगितला, आय फाइव्ह दिला." खोटं सांगितलं त्याचे पैसे परत मिळाले, अर्धं सांगितलं त्याचे अडकले.

आता लोक म्हणतील आधी तपासून घ्यायचं ना. ते मला पटत नाही. पोरगं आणि शेतकरी बाप दुकानात जाऊन रोख मोजतात, तिथं चिप उघडून बघायची जबाबदारी त्यांची कशी? पण दुकानदार सुधारेपर्यंत थांबता येत नाही, म्हणून जे करता येतं ते करा. कोटेशन लेखी घ्या आणि प्रत्येक वस्तूचं पूर्ण मॉडेल मागा, प्रोसेसरचा सगळा नंबर शेवटच्या अक्षरासकट. ते अक्षर पण महत्त्वाचं आहे, १२४००एफ मधल्या एफचा अर्थ त्यात स्वतःचं ग्राफिक नाही, कार्ड लावल्याशिवाय स्क्रीनवर काही दिसणारच नाही, आणि "कार्ड नंतर घेऊ" म्हणणाऱ्यांना हे घरी गेल्यावर कळतं. पैसे देण्याआधी दुकानात त्यांच्याच समोर सीपीयू-झेड (प्रोसेसरची माहिती सांगणारं तसलंच सॉफ्टवेअर) आणि जीपीयू-झेड चालवायला सांगा, आपल्या पेन ड्राइव्हवरनं. विंडोजच्या माहितीत दिसणारं नाव बदलता येतं, त्याच्यावर जाऊ नका. कुणी चालवू देत नसेल तर कारण विचारत बसू नका.

आरएक्स ५८० (हे एएमडी कंपनीचं ग्राफिक कार्ड) घेणाऱ्यांनी पण जपून. याच नावाखाली '२०४८ एसपी' नावाचं वेगळं कार्ड फिरतं, खऱ्यात २३०४ कोअर असतात, यात २०४८, म्हणजे मूळचं ५७० म्हणा. त्यातली बरीच मायनिंगमधे, म्हणजे इथेरियमसारखं आभासी चलन कमवायच्या कामात, रात्रंदिवस राबलेली. २०२२ च्या सप्टेंबरमधे इथेरियमचं मायनिंग बंद झालं तेव्हा अशा कार्डांचा पूर आला, धुवून, नवा पंखा लावून, नव्या डब्यात घालून. जुनं घेऊच नका असं माझं म्हणणं नाही, जुनं म्हणून जुन्याच्या भावात घ्या.

पुढं आम्ही काय केलं तेवढं सांगतो. मॉनिटर, एसएसडी, कॅबिनेट तेच ठेवलं. परत आलेल्या सात हजारात माझी भर घालून कोल्हापुरातनं एएमडीचा रायझन ५ ५६००जी प्रोसेसर, बी ४५० बोर्ड, आठ-आठच्या दोन डीडीआर फोर रॅम आणि ८० प्लस ब्रॉन्झ रेटिंगचा ५५० वॅटचा एसएमपीएस घेतला, सीलबंद डबे, बिलावर प्रत्येकाचा सिरीयल नंबर. कार्ड घेतलंच नाही. या प्रोसेसरमधे सहा कोअर आहेत आणि आतलंच ग्राफिक व्हॅलोरंटला पुरून उरतं, जीटीए पण सेटिंग जरा खाली ठेवून चालते. रॅम मुद्दाम दोन काड्या घेतली, कारण आतलं ग्राफिक रॅमच वापरतं आणि एका काडीवर ते लंगडतं. हे २०२५ च्या शेवटी रॅमचे भाव भडकायच्या आधीचं आहे, आता त्याच रॅमला बरेच जास्त पडतील, आणि म्हणूनच डीडीआर थ्रीवाले सेट परत जोरात खपवायला लागलेत. नंतर पैसे साठले की आरएक्स ६६०० सारखं कार्ड टाकायचं, १३२ वॅटचं आहे, एसएमपीएस बदलायला लागणार नाही.

राहिलेल्या पैशासाठी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करतोय. पाच लाखापर्यंतच्या खरेदीला फी नाही, घटनेपासून दोन वर्षाच्या आत करायला लागते, आणि ई-जागृती पोर्टलवरनं घरी बसून भरता येते. वकील लागतोच असं पण नाही. आप्पा म्हणतात सोड आता, रोजंदारी बुडवून तारखा कोण करणार. बारक्या म्हणतोय मी जातो, मला तसं पण सुट्टी आहे. एस्टिमेटची झेरॉक्स, चॅटचे प्रिंट, चिपचा फोटो आणि त्या एसएमपीएसच्या स्टिकरचा फोटो, सगळं एका फाइलला लावून ठेवलंय. अशाच 'एस्टिमेट'वर कुणी सेट घेतला असेल तर तो कागद फेकून देऊ नका, सहीसकट तो पण लागतो.